'येतो' म्हणणारी मुलगी आणि तीन कॉलेजं

गाडी हडपसरला थांबली तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि रेणू अखंड बोलत होती. शेगावच्या कचोरीपासून वरच्या बर्थवरच्या काकांच्या घोरण्यापर्यंत तिने एकही विषय सोडला नव्हता. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला आणि माझ्या लेकीचं तोंड मिटलं. मी ओळखलं, पुणं आलं.

याला कारण आहे. आम्ही अकोल्याचे. आमच्याकडे बाई असो की बुवा, निघताना 'येतो' म्हणतात (पुण्यात मुलीने 'येते' म्हणायचं असतं). मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे लिहिताना 'शिकवते', घरी बोलताना 'शिकवतो'. गेल्या वर्षी रेणू पुण्यात एका शिबिराला आली होती. तिथे ती उभी राहून "मी सांगतो" म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून घरी जिची टकळी थांबत नाही ती पोरगी पुण्यात मुकी होते. आणि शिकायचंय काय, तर मानसशास्त्र, तेही पुण्यातच. न बोलता ते कसं शिकणार, ही माझी काळजी. म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर आम्ही तीन खासगी कॉलेजं बघायला निघालो, तेव्हा माझी कसोटी ठरलेली होती. हिचं तोंड जिथे उघडेल ते कॉलेज चांगलं. बाकीची चौकशी तिच्या बाबांनी फोनवरून करावी. मेडिकलच्या दुकानामुळे ते घरीच राहिले होते.

स्टेशनबाहेर रिक्षा केली. "काय ऊन आहे हो यंदा," रिक्षावाले म्हणाले.

"आम्ही अकोल्याचे," मी म्हटलं.

त्यांनी आरशातून आमच्याकडे पाहिलं. "मग स्वेटर आणलेत ना?"

मला हसू आवरेना. रेणू बाहेर बघत राहिली.

हडपसरच्या बाजूचं ते पहिलं विद्यापीठ म्हणजे नुसती काच. आत इतका गारवा की रिक्षावाल्यांची आठवण झाली. सूट घातलेला एक तरुण आम्हाला पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि खाण्याच्या जागा दाखवत होता. एका वर्गात मुलं किती, असं मी विचारलं, तर त्याने मला कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली दिली. रेणू "येस" आणि "ओके" या दोन शब्दांवर सगळं निभावत होती. ग्रंथालय मात्र खरंच सुंदर होतं, खोटं कशाला बोला.

हॉस्टेल दाखवायला दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आली. कोट घातलेली, इंग्रजी फाडफाड. जिन्यावर तिचा फोन वाजला. ती भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "कामात हाओ ना आई. जेवतो, जेवतो. मंग करतो तुले फोन."

रेणूने झटकन मान वर केली. मला तर त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली.

"कुठची गं तू?" मी विचारलं.

"मूर्तिजापूर," ती म्हणाली आणि इकडेतिकडे बघून रेणूला म्हणाली, "घाबरू नको. महिन्याभरात सुटतं हे. सोडावंच लागतं."

रेणूने समजूतदारपणे मान हलवली. मला त्या मुलीचा राग आला नाही, वाईट वाटलं. आईशी बोलायला तिला भिंतीकडे तोंड करावं लागत होतं.

मुक्काम विश्रांतवाडीला, एका साध्या लॉजवर होता. दुसऱ्या दिवशी तिथून आळंदी रस्त्याने पुढे दुसरं विद्यापीठ गाठलं. गेटवरच्या माणसाने "सरळ जाऊन डावीकडे" म्हटलं, आम्ही उजवीकडे गेलो. एका सभागृहात बसलो, पडद्यावर माहिती सुरू झाली. बराच वेळ कांद्याचे प्रकार दाखवल्यावर मला शंका आली. तो हॉटेल मॅनेजमेंटचा विभाग होता. उठून जायला हवं होतं, पण तेवढ्यात विद्यार्थ्यांनी केलेलं जेवण आलं. पुऱ्या टम्म फुगलेल्या, मसालेभात मोकळा, आणि शेवटी आंब्याचं काहीतरी गारेगार. रेणू माझ्या कानात म्हणाली, "आई, मानसशास्त्र राहू दे, इथंच घेतो मी ॲडमिशन." ती हसली, पण ते माझ्या कानात. कुजबूज मी धरली नाही.

मग योग्य विभागात गेलो. तिथल्या सरांनी सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं, "ॲपवर आहे." रेणूचा चेहरा खुलला. ती प्रश्न टाइप करायची, मोबाईल उत्तर द्यायचा. प्रयोगशाळा नवी होती, हॉस्टेल चकाचक होतं आणि तीन वर्षं चकार शब्द न काढता इथून पदवी घेता आली असती. तिला ते फार आवडलं. मी धसकले.

तिसरं कॉलेज कसबा पेठेत, एका जुन्या संस्थेचं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. "पुढे पायी," रिक्षावाले म्हणाले. तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत होते, त्या आवाजातून वाट काढत आम्ही पोचलो. काच नाही, तलाव नाही. विभागात पिकल्या केसांच्या एक मॅडम चहा पीत होत्या.

"आपल्याकडे काय काय सोयी आहेत?" मी विचारलं.

"खुर्च्या आहेत. बसा." त्यांनी रेणूकडे पाहिलं. "मानसशास्त्र का?"

रेणूने जपून, पुस्तकातलं वाटेल असं एक वाक्य म्हटलं.

"हे पाठ केलंय. आता खरं सांगा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी बिस्कीट घेतलं. बाहेरचे ठोके ऐकू येत राहिले.

"बाबाचं मेडिकल आहे," रेणू सावकाश म्हणाली. "लोकं झोपेची गोळी घ्यायले येतात. पण त्यायले गोळी नसते पाहिजे, बोलाचं असते. बाबा गिऱ्हाईक करून राहिले असतात, मंग मी ऐकत बसतो."

शेवटचा शब्द तिच्या लक्षात आला. कान लाल झाले.

"मग?" मॅडम म्हणाल्या. "कोण येतं? काय बोलतात?"

आणि रेणू सुटली. नवरा गेल्यापासून जागणाऱ्या आजी, परीक्षेला भिणारा शेजारचा मुलगा, सगळं सांगितलं, आमच्याच बोलीत. मॅडमचा चहा निवला. मी बशीतली बिस्किटं संपवली, आनंदात मला भान राहत नाही.

"आमच्याकडे हॉस्टेल नाही, पंखे कुरकुरतात," शेवटी मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्या वर्षी वस्त्यांमध्ये जाऊन लोकांचं ऐकावं लागतं. तेव्हा ही बोली घेऊन या. माणूस रडताना प्रमाण मराठीत रडत नाही."

आम्ही उठलो. दारात रेणू वळली.

"येतो मी, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"कधी?"

रेणूने एकदा माझ्याकडे पाहिलं. "ॲडमिशन सुरू झाली का येतो."

"या," मॅडम म्हणाल्या आणि निवलेला चहा प्यायल्या.

परतीच्या गाडीत बाबांचा फोन आला. तिन्ही ठिकाणचं डावं-उजवं सांगायला मी सुरुवात केली, पण रेणूने फोन हिसकावून घेतला. मग दौंड गेलं, नगर गेलं, तरी ती बोलतच होती. समोरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "फार गोड बोलते हो तुमची मुलगी." ऊर भरून आला माझा. जे शोधायला गेले होते ते सापडलं होतं.

पण ती झोपल्यावर डबा एकदम शांत झाला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचं तोंड पुण्यात उघडावं म्हणून मी एवढी धडपडले, आणि त्यानंतर आपलं घर किती गप्प होईल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. आता थोड्याच दिवसांत बॅग घेऊन ती दारात उभी राहील आणि मला म्हणेल, "आई, येतो." तेव्हा "कधी?" हे मला विचारायचं आहे.