यंदा खंडेनवमीचा नारळ कुणी फोडायचा?

तात्या अपघातात गेले नाहीत.
त्यांना घाटात पाठवलं.

परवा शोकसभेत धाकटे मालक म्हणाले, "मिस्त्री मऊ माणूस. कामगारांना डिसिप्लिन लावता आली नाही. शेवटी स्वतःचीच चूक नडली."

आणि तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या!
म्हणून हा कागद लिहून इथं गॅरेजच्या फळ्यावर लावतोय. इथं सगळे वाचतात.

तात्या आमच्या मोटार सर्व्हिसचे हेड मिस्त्री. लढाईनं पेट्रोल नेलं आणि आमच्या गाड्या कोळशाच्या गॅसवर आल्या. मागं भट्टी, तिला हातानं पंखा फिरवायचा.

मी सांगलीचं कॉलेज अर्ध्यात सोडून साताऱ्यात क्लीनर झालो. रहिमतपूरची गाडी मिळावी म्हणून. का, ते तुम्हाला माहीत आहे.

तिथल्या त्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मी पाना भिरकावला. ऑफिसची काच गेली.

"कुणी फोडली?" मालक ओरडले.
"माझ्या हातनं," तात्या म्हणाले.

मग मला पंख्यापाशी उभं केलं.
"फिरव लेका. डोस्क्यातला जाळ हितं घाल. गाडी तरी चालंल."



तात्यांचा एक रिवाज होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की नारळाचा मान, वर्षात ज्याची चूक सगळ्यात मोठी, त्याला. त्यानं ती सगळ्यांसमोर तोंडानं सांगायची. मग फोडायचा. त्यानंतर त्या चुकीचा विषय कुणी काढायचा नाही.

गेल्या साली ड्रायव्हर इस्माईलभाईंनी फोडला. गाडी गटारात घातली होती.
"तात्या, गटारच मधी आलं."
"व्हय, चालतच आलं असंल! फोडा. संपलं."

असा माणूस मऊ?

त्या दिवशी महाबळेश्वरची गाडी होती. पावसाची झड. इस्माईलभाई म्हणाले, "ब्रेक धरत न्हाई." तात्यांनी बघितलं, धाकट्या मालकांना सांगितलं, "आज गाडी नको."

धाकटे मालक म्हणाले, "गाडी वर गेलीच पाहिजे. ड्रायव्हर भीत असेल तर उद्यापासून घरी बसू दे."

मी तिथंच होतो. माझ्या कानांनी ऐकलंय.

तात्यांनी इस्माईलभाईंना सीटवरनं उठवलं आणि स्वतः बसले.

घाटाच्या पायथ्याला सगळे पॅसेंजर उतरवले. आम्हालाही.
"आवं तात्या, मी येतो की संगं," इस्माईलभाई म्हणाले.
"तुमी हितंच थांबा. वर पोचलो की हॉर्न देतो. मग या चालत."

आम्ही पावसात कान देऊन उभे.

हॉर्न आलाच नाही.

चढावर गॅस कमी पडला. गाडी मागं आली. ब्रेक धरला नाही.

गाडीत एकटेच होते. तेवढं त्यांनी आधीच बघितलं होतं.

आणि चूक त्यांची?

उद्या खंडेनवमी. यंदा नारळ धाकटे मालक फोडणार, असं ऑफिसातनं सांगणं आलंय. काही जण चिडलेत, मिस्त्रीचा रिवाज मोडला म्हणून.

गड्यांनो, कुठं मोडला?
बरोबर माणसाच्या हातात नारळ चाललाय.

फक्त रिवाज पुरा करा, मालक. आधी सगळ्यांसमोर तोंडानं सांगा. मग फोडा.
आम्ही पुन्हा विषय काढणार नाही. तात्यांनी तसंच शिकवलंय.

नाही सांगितलं, तर मी सांगेन. नोकरी जाते तर जाऊ दे.

तात्या, पंखा फिरवतोय. जाळ विझत नाही.
या आता. रामराम.