मुक्कामाचं गाव

आम्ही जिथे वाढलो त्या वस्तीला आईने कधी गाव म्हटलं नाही. गाव म्हणजे घाटावरचं, दुष्काळात सोडून आलेलं. खरवईच्या पलीकडे, दगडखाणीशेजारी उभी राहिलेली आमची घरं म्हणजे नुसता मुक्काम. "मुक्कामावर भाजीवाला आलता का?" असं ती विचारायची. पाऊसपाणी नीट झालं की परत जायचं, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

परत कोण जातंय! पुरुष खाणीत सुरुंग लावायचे, बायका दिवसभर खडी फोडायच्या, आणि संध्याकाळी त्याच बायका घण-पहारी घेऊन स्वतःची विहीर खणायच्या. तीही काळ्या कातळात! ती विहीर आठवली की आजही माझी छाती फुगते. पाणी लागलं तेव्हा आईने पहिली कळशी बुद्धविहाराच्या पायरीवर ओतली. घरं कुडाची ठेवली, पण विहार मात्र पक्का बांधला. असा कुठे मुक्काम असतो?

खाण बंद पडली तशी माणसं पांगली. कुणी उल्हासनगरच्या कॅम्पात वर्कशॉपमध्ये लागलं, आम्ही बेलवलीत फ्लॅट घेतला. हळूहळू वस्तीत कुत्रंही उरलं नाही.

यंदा तिथे बिल्डरने पत्रे ठोकल्याचं कळलं. विहीर बुजवणार म्हणे. आईने जेवता जेवता ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "पोरी, मला येकदा गावाला ने. फुडं गुडघं साथ द्यायचं न्हाईत."

मी लगेच कामाला लागले. घाटावर मामाला फोन केला, गाडीची टाकी फुल केली, आईच्या पाठीला उशी, उलटीची गोळी, सगळं घेतलं. ती पांढरी साडी नेसून, कळशी आणि दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन बसली. मामाकडे काय पाणी नाही का, म्हणून मी तिला चिडवलंसुद्धा. खरवईच्या फाट्यावर ती ओरडली, "अगं, सरळ कुठं निघालीस? गाव डावीकडं ऱ्हायलं की!"

मी गाडी डावीकडे वळवली.

पत्र्यांपाशी वॉचमनने अडवलं. "किधर जाना है, माताजी? इधर कोई नहीं रहता."

"हमारा गाव है," आई म्हणाली. "वो कुआं हमने खोदा."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पत्रा बाजूला सरकवला. "कितना टाइम रुकेंगे?"

आईने कळशी काखेत घेतली.

"मुक्काम नाय, बाबा. पानी भरके जाती."