नमुन्याचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. कचेरी नवी, पाट्या नव्या, साहेब नवे. पाणी तेवढं कुठंच नव्हतं. मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो. म्हणजे प्राध्यापक फळ्यावर जे लिहितात ते काचेच्या नळीत घडवून दाखवायचं, आणि पोरांनी फोडलेल्या नळ्या वेचायच्या. विद्यापीठानं ठरवलं की ज्ञान खेड्यापर्यंत न्यायचं. ज्ञान जीपमध्ये पुढं बसायचं, मी खोकी सांभाळत मागं.

अहमदपूरकडच्या एका गावात आठ नवे हातपंप बसले होते. आमच्या प्राध्यापक सरांनी पारावर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी सांगितलं, प्रत्येक पंपाच्या पाण्याचा नमुना पाठवा. पाणी चांगलं निघालं की गावचा टँकर बंद होणार होता. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. गावाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आठ बाटल्या आल्या. राखेनं घासलेल्या, लख्ख. नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत तपासायला घेतल्या तर आठही वेळा रंग नळीवरच्या एकाच आकड्यावर पालटला. वर्गात पोरं एकमेकांची वही बघून लिहितात तेव्हाच असे आकडे जुळतात. मी सरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, चांगल्या पाण्यात खोड काढू नका, आणि अहवालावर सही करून कचेरीच्या नावाचं पाकीट माझ्याकडं टपालात टाकायला दिलं. माझं डोकं तसं पहिल्यापासून गरम. पाकीट खणात टाकलं, कुलूप लावलं आणि रविवारी एसटी पकडली.

बाटल्या गोळा केल्या होत्या किराणा दुकानवाल्या आप्पांनी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शेतातली तूर दरसाल लातूरच्या आडतीत घालणारा माणूस. त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आठही बाटल्या त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर भरल्या, तेही धोतर दुपदरी करून गाळून. मी डोक्याला हात लावला.

"नमुना मागितलाव न्हाई का तुम्ही?" आप्पा बिघडले. "आडतीत नमुना दाखवायचा तर तूर खडे वेचूनच नेतोत की आम्ही. साहेबापुढं खारं पाणी ठेवावं व्हय?"

मला खरं तर हसूच आलं. चूक त्यांची नव्हती. पाऊण तास आम्ही बोललो आणि एक शब्द समोरच्याला कसा कळतो ते विचारलं नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "दवाखान्यात लघवी तपासायला देता, ती गाळून देता का? का शेजाऱ्याची चांगली हाय म्हणून त्याची देता?"

आप्पा असे हसले की तराजू हलला. दुकानापुढं बसलेली सगळी माणसं हसली. मग तेच माझ्यासोबत पंपा-पंपावर फिरले आणि तासाभरात आठ खऱ्या बाटल्या भरल्या.

सात पंपांचं पाणी बरं-वाईट, पण पिण्याजोगं निघालं. शाळेच्या पंपात मात्र फ्लोराइड बेसुमार होतं. ते पाणी रोज प्यायलं की पोरांचे दात पिवळे पडतात, पुढं हाडं वाकतात. मी खणातलं पाकीट काढून सरांपुढं ठेवलं आणि सगळं कबूल केलं. ते लालबुंद झाले, मेमो देतो म्हणाले. मग नवे आकडे वाचले, दोनदा वाचले, आणि जीप सांगायला गेले.

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा त्या पारावर होतो. सर उभे राहिले, फ्लोराइडचा इतिहास सुरू झाला. आप्पांनी थोडा वेळ ऐकलं आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "शाळंतल्या पोरांनी प्यावं का न्हाई, ते सांगा."

मी सरांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत सरांदेखत लोकांसमोर मी कधी एक वाक्य बोललो नव्हतो. सरांनी मला बोलायची खूण केली आणि ते खाली बसले. मला त्या माणसाचा तेव्हा फार आदर वाटला.

"न्हाई प्यायचं," मी म्हणालो. "शाळेला टँकरचंच पाणी पाहिजे."

अहवाल सरांच्या हातातच होता, अजून कुणी मागितलाही नव्हता. आप्पा उठले, दुकानातून पाना घेऊन आले आणि सगळ्या गावादेखत शाळेच्या पंपाचा दांडा काढून खांद्यावर टाकून घेऊन गेले.