डॉल्फिनची चेन

डॉल्फिनची चेन पाठीला हुती, अन् सगळी बोंब तिथंच हुती. समर्थनं मागून चेन ओढली की करण आत कोंडला. समर्थ म्हंजी त्याचा जोडीदार, गेटवर तिकिटं फाडायचा. त्यानं उघडल्याबिगर सुटका न्हाई.

सावेडीच्या मैदानात फिश टनेलची जत्रा लागली हुती. पोस्टरवर छापलेलं, नदीत अन् खाडीत ऱ्हानारा छोटा डॉल्फिन बघा. नगरात खरा कुठनं आनायचा? मग फोमचा सूट, अन् सुटात जामखेडचा करण, नववीतनं शाळा सोडल्याला. तोंडाच्या जाळीतनं त्याला समोरचा बोर्ड तेवढा दिसायचा: 'हा मासा नाही. याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकला तर गुदमरून मरतो.' दिसभर तेच वाचायचं.

मालकाचा नियम कडक. पब्लिकसमोर बोलायचं न्हाई, मुंडकं काढायचं न्हाई. काढलं की काम गेलं.

घरी मात्र करणनं सांगितल्यालं, मी म्यानेजर हाय.

ऊसतोड संपली. गावाकडं निघाल्याल्या टेम्पोतनं त्याची आई मालनबाई उतरली, ती नीट गेटवर.

"बाळा, करण म्यानेजर कुठं बसतो रं?"

समर्थ थिजला. त्यानं डॉल्फिनकडं बघितलं. करणनं मुंडकं हलवलं, सांगू नको म्हनून. पोरं खिदळली.

"सायबासंगं बाहेर गेल्यात, मावशी."

"आसं व्हय. टेम्पो थांबायचा न्हाई. येवढं दे त्याला." तिनं भाकरीचं फडकं दिलं. मग डॉल्फिनला हात लावून बघितला. "ह्याच्यात मानूस हाय का काय?"

"हाय की."

"आगं बया! कुनाचं लेकरू म्हनायचं? उकडून निघालं आसंल." तिनं पान्याची बाटली जाळीला लावली. "पी रं बाबा."

करण प्याला. आई गं, येवढाच शब्द गळ्यात आला, अन् पान्यासंगं खाली गेला.

टेम्पोनं हारन दिला. ती गेली.

तसं करणला मालक-बिलक काय दिसंना. "समऱ्या, चेन खोल!"

समर्थनं ओढली. चेनीत फोम आडकला, अन् चेन खोलल्याबिगर मुंडकंबी निघंना. हिकडं न्हाई, तिकडं न्हाई.

मग करण तसाच पळत सुटला. शेपूट डांबरावर घासत, मागं पोरांचं लेंढार. टेम्पोतल्या बाया हसून हसून लोळायला लागल्या.

"मालने, बघ की! मासा लागलाय तुज्या मागं!"

आईबी हसली. पदर तोंडाला लावून तिनं हात केला.

"मासा न्हाई गं! आये, मी हाय!" करण आतनं वरडला. फोमनं समदं गिळलं. टेम्पो वळला.

समर्थ फडकं काखंत मारून धापा टाकत आला, अन् पुन्यांदा चेनीला झटायला लागला.