पहिला तोडा

"हिच्या हाताले मेथीचा वास येते, गुर्जी. हिलेच करा रयत."

देशमुखांच्या मुलाने हे म्हटले आणि सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले. मी हात पाठीमागे नेले. पहाटे दंव झाडत तोडलेल्या मेथीचा तो वास होता. ओला, हिरवा, किंचित कडू. घरी तो वास आला की भूक लागे. वर्गात त्याची लाज वाटायला हवी, हे मला त्या दिवशी कळले.

केनवडच्या बाजाराला जाणारी वाट आमच्या गावातून निघते. तिच्या कडेला आमचा मळा होता. आम्ही माळी. वांगी, मेथी, मुळा, कांद्याची पात. बाप मोट हाकी, माय भाजी तोडी आणि डोक्यावर टोपले घेऊन विकायला जाई. मी वर्गातली एकमेव मुलगी. दाराजवळच्या गोणपाटावर माझी जागा होती, जिथे आल्यागेल्याच्या पायांची धूळ पाटीवर उतरे. तरी ती माझी जागा होती. तिच्यासाठी मी मळ्यातून धावत येई.

इंग्रज आता जाणार, असे साऱ्या गावात बोलले जात होते तो हिवाळा. गुरुजी खादी घालत आणि मनापासून शिकवत, हे मी नाकारणार नाही. आपल्या शेतातला कापूस समुद्रापार कसा जातो आणि त्याचेच कापड होऊन आपल्याच अंगावर कसा परततो, हे सांगताना त्यांचा आवाज कापे. मी डोळे मिटून ऐके. मला बोटीच्या लाकडाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येई, जो मी कधी घेतला नव्हता. त्यांचे एक वाक्य मला पाठ झाले होते: "राज्य तलवारीने घेतात, पण ते टिकते सवयीने. लुटलेला माणूस लुटारूचे आभार मानू लागला, की समजावे राज्य पक्के झाले."

गुरुजींनी ठरवले, वर्गात कंपनी सरकारवर लुटुपुटीचा खटला भरायचा. न्यायाधीश ते स्वतः. हिंदभूमीचा वकील देशमुखांचा मुलगा, कारण त्याचा आवाज मोठा आणि कोट त्याच्याकडेच होता. दुकानदाराचा मुलगा गोरा साहेब. त्याच्या तोंडाला खडूची भुकटी फासली, की तो शिंकायचा आणि साहेबाचा रंग साहेबाच्याच पोटावर सांडायचा. आणि मी रयत. वासामुळे.

तालमीत वकिलाने मला एकच प्रश्न विचारायचा होता. "आपल्या मातीतले शब्द हवेत," असे म्हणून गुरुजींनी तो स्वतः रचला होता.

"सांग रयते, तुझ्या मळ्याचा पहिला तोडा कोण नेतो?"

पहिला तोडा म्हणजे हंगामातली पहिली तोडणी. झाडाला लागलेले पहिले फळ, सर्वांत कोवळे, सर्वांत चकचकीत. उत्तर काय द्यायचे, हे मला अजून कुणी सांगितले नव्हते. जे होते ते मी सांगितले.

"गढीवर जाते. माय नेऊन देते."

गढी म्हणजे देशमुखांचे घर. वकिलाचे घर. गुरुजींची छडी टेबलावर आपटली.

"मूर्ख मुली! खटला इंग्रजांवर आहे!"

"पण गुर्जी, पहिला तोडा तं..."

"तुला बोलायचे कामच नाही. तू मुकी रयत. नुसती उभी राहा. आणि त्या दिवशी फाटके नेसून ये. तोंडाला थोडी माती लाव."

"माती लावाले कायले पाह्यजे?" देशमुखांचा मुलगा म्हणाला. "असतेच तिच्या तोंडाले."

पुन्हा हसू.

संध्याकाळी माय पात निवडत होती. बोटे काळी-हिरवी. मी विचारले, "माय, पहिला तोडा गढीवर काहून जाते?"

"जाते म्हणून जाते."

"पन काहून? मळा तं आपला हाये."

"तुह्या आज्यानं नेला, तुह्या बापानं नेला. नदीले कोनी पुसते का व, तू खालतंच काहून वायतं म्हणून?" मग तिने मान वर केली. "आन् आयक. तुले शाळेत बसू देलं, तेबी गढीच्याच शब्दानं. तोंड सांभाळून राह्यजो."

खटल्याच्या दिवशी सकाळीच वांग्यांचा पहिला तोडा निघाला. माझी माय आणि मी गढीच्या मागल्या दाराशी उभ्या राहिलो. ओट्यावर चढायचे नव्हते. देशमुखीण बाहेर आल्या, टोपले त्यांच्यासमोर रिकामे झाले. त्या एकेक वांगे उजेडात फिरवून बघत. चांगले सुपात. किडके परत आमच्या टोपल्यात, लांबून फेकून. किडक्या वांग्याचा टोपल्याच्या बुडाशी होणारा तो मऊ, ओलसर आवाज माझ्या कानात अजून आहे.

निवड संपली, की मायने एक वाक्य म्हणायचे असे. त्यावाचून टोपले उचलायचे नाही, असा रिवाज होता. त्या सकाळी देठाचा काटा तिच्या बोटात रुतला होता. ती बोट तोंडात धरून उभी राहिली आणि वाक्याला उशीर झाला.

"काहून वो? तोंडात काय हाये?" देशमुखीण म्हणाल्या.

मायने घाईने बोट काढले. रक्ताचा एक थेंब ओठावर राहिला होता. हात जोडून ती म्हणाली, "गोड मानून घ्या, मालकीण."

देणारी ती. हात जोडणारीही तीच.

मला गुरुजींचे वाक्य आठवले. आठवले म्हणजे काय, ते अंगात उतरले. आजवर ते बोटीवर होते, समुद्रापार होते. आता ते मागल्या दाराशी उभे होते आणि त्याच्या ओठावर माझ्या मायचे रक्त होते.

मी घरी आले. धुतलेले परकर-पोलके घातले. केसांना तेल लावले. माती लावली नाही.

शाळेत सतरंजी अंथरली होती. समोर एकच खुर्ची आणि तिच्यात स्वतः देशमुख. पागोट्याला अत्तर होते. गुरुजींनी माझ्या धुतलेल्या कपड्यांकडे पाहिले आणि नजर वळवली. खटला सुरू झाला. वकील उत्तम बोलला. कापूस, मीठ, शेतसारा, सगळे आले. गुरुजींचे ते वाक्यही आले. त्याने ते हात उंचावून म्हटले आणि खुर्चीतून टाळी वाजली. मग त्याने माझा दंड धरून मला पुढे ओढले.

"पाहा ही रयत! मुकी! हिला वाचा नाही!"

त्याची बोटे माझ्या दंडात रुतली होती. मी त्याचा हात काढून टाकला.

"मले वाचा हाये."

गुरुजी अर्धवट उठले. मी थांबले नाही.

"गोऱ्या सायबाले म्या कधी पाह्यलंबी नाई. आमचा पहिला तोडा गढीवर जाते. आज सकायीच गेला. वांगे होते. चांगले ठेवून घेतले, किडके फेकून देले. आन् वरून माह्या मायले हात जोडा लागले, गोड मानून घ्या म्हणून."

गोरा साहेब फिसकन हसला. खडूची भुकटी उडाली. दुसरे कुणी हसले नाही. आणि मग देशमुख हसले. रागावले असते तर बरे झाले असते. ते पोट धरून हसले, जणू माकडाने टोपी घातली होती.

"मास्तर, तुमची रयत तं भलतीच शिकली!"

हसतच ते उठले आणि निघून गेले. अत्तराचा वास मागे रेंगाळत राहिला.

मुले गेल्यावर गुरुजींनी मला थांबवले. "गढीवर जा. पाया पड. चुकले म्हण. मग उद्या ये."

"मी खोटं बोलली का, गुर्जी?"

त्यांनी सतरंजीचे टोक गुंडाळायला घेतले.

"मंग चुकली काय?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. "नाहीतर येऊ नकोस," ते फार हळू म्हणाले.

मी गेले नाही. ना गढीवर, ना शाळेत. मायने मला मारले, आणि मारता मारता ती स्वतःच रडली. दाराजवळचे गोणपाट दुसऱ्या कुणाचे पायपुसणे झाले.

पावसाळ्यात शाळेवर तिरंगा चढला. दोरी देशमुखांनी ओढली. भाषण त्यांच्या मुलाने केले. तेच वाक्य, तोच उंचावलेला हात. गुरुजींचे डोळे भरून आले होते. मी कुंपणाबाहेर चिखलात उभी होते. झेंडा वाऱ्यावर फडफडला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. तो काटा खरा होता. म्हणूनच राग अधिक आला.

साहेब गेला. टोपले गेले नाही. पुन्हा हिवाळा आला, वांगी लागली, आणि पहिल्या तोड्याच्या सकाळी मायने टोपले भरून डोक्यावरची चुंबळ सारखी केली.

"माय, इंग्रज गेले ना? मंग आता कायले?"

"गढी कुठं गेली, पोरी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. थकवाही नव्हता. नुसती सवय होती. मी तिच्या हातातून टोपले घेतले. तिला वाटले, मी मदत करते आहे. मी गढीची वाट सोडली आणि केनवडच्या वाटेला लागले. माय हाका मारत मागे धावत आली. मग तिच्या हाका थांबल्या, पण पावले थांबली नाहीत. मागून येणाऱ्या त्या पावलांचा आवाज मी वाटभर ऐकत गेले.

बाजारात मी गोणपाट पसरले. वांगी मांडली. जांभळी, ओली, उन्हात चमकणारी. ऊन वर चढले तसा गढीवरचा गडी शोधत आला.

"काय करून राह्यली व पोरी? मालकीण वाट पाहून राह्यली. लय चिडली हाये."

माय मागे उभी होती. तिचे हात सवयीने जुळू लागलेले मला दिसले. मी तिच्या हातांत तागडी दिली.

"मालकिणीले सांगजा," मी म्हटले, "बाजार भरला हाये. ज्याले पाह्यजे तो येते, आन् इकत नेते."

"याचे परिणाम वाईट होतीन."

"होऊ दे."

झालेही. त्याच महिन्यात आमच्या पाण्याचा पाट रात्रीतून फोडला गेला, आणि विचारायला गेलेल्या बापाला गढीवर दिवसभर उन्हात उभे ठेवले. ते सारे मी विसरलेले नाही. पण पहिला तोडा त्या मागल्या दाराशी पुन्हा गेला नाही. माझ्या हातांना मेथीचा वास येतो. मी हात पाठीमागे नेत नाही. किडके वांगे मी माझ्या टोपल्यात परत घेणार नाही, आणि माझेच मला लुटून नेणाऱ्याला, तो कोणत्याही रंगाचा असो, गोड मानून घ्या म्हणणार नाही.