ठकूबाईची बिनतोंडाची पेटी

ठकूबाई पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत राहायच्या. लग्नाआधी दोन वर्षं त्या महाबळेश्वरला एका पारशी बाईंच्या बंगल्यात कामाला होत्या. तिथे एक आपोआप वाजणारी पेटी होती. तिला भाता नाही, कर्णा नाही. चावी दिली की आतला पितळी रूळ फिरायचा, त्यावरचे बारीक खिळे पोलादी फणीचे दात छेडायचे आणि तीन पितळी पाखरं तीन घंटांवर चोच मारायची.

सासरी आल्यावर हे त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि फसल्या. दीर गोमाजी पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमची वयनी लय बघून आलेली हाय. बिनतोंडाची पेटी गाते म्हनं!" पुढे वाडीत कुणी थाप मारली की तिला 'ठकूची पेटी' म्हणू लागले. असं चाळीस वर्षं चाललं.

१९५८ साली त्या चष्म्यासाठी महाडला आल्या. नवा चष्मा लावून पाणी प्यायला आमच्या छोट्या वाचनालयात शिरल्या आणि काचेच्या कपाटासमोर थबकल्या. एका व्यापाऱ्याच्या वारसांनी दिलेलं तसलंच वाद्य तिथे मांडलेलं होतं. झाकण उघडं, पुढे पाटी : 'जुने वाद्य. नादुरुस्त. हात लावू नये.'

मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस. पेपर वाचत बसलो होतो.

"गुरुजी, ही बिघडलेली नाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"अशीच होती बंगल्यात. मी रोज पुसायची." त्यांनी काचेला नाक लावलं. "फणीत तांदूळ अडकलेत. हिची पूजा कोन करतो?"

ग्रंथपाल गंगाधरपंत कावरेबावरे झाले. दर खंडेनवमीला ते घड्याळाला, शिक्क्याला आणि या पेटीलाही गंध-कुंकू, अक्षता वाहत. मीही वाहिल्या होत्या.

"पूजा केली त्यात काय चुकलं?" पंत म्हणाले.

"पूजा करा की. पन आत कशाला भरवलंत?"

पंत कपाट उघडायला तयार होईनात. दिलेली वस्तू, मोडली तर जाब कोण देणार? ठकूबाई गेल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. एस.टी.ने चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कोंबडीचं पीस आणि करवंदीचा काटा घेऊनच आल्या.

"वाजली नाय तर मी या पेटीचं नाव काढनार नाय. वाडीतसुद्धा नाय. पन उघडाल तवा आमचे भावजी हितं पायजेत."

अखेर पंत कबूल झाले. ठरल्या दिवशी गोमाजी नवी टोपी घालून आला. पंतांनी कपाट उघडलं. ठकूबाईंनी आधी रुळाचा वेग आवरणाऱ्या बाजूच्या लहानशा पंख्यात कागदाची घडी खोचली. आतली चावीची कमान अजून ताणलेली होती. अडकलेला दाणा निघताच रूळ सुसाट फिरला तर फणीचे दात मोडतात, हे पारशी बाईंनी त्यांना शिकवलं होतं. मग त्या काट्याने एकेक दाणा सोडवू लागल्या. कुंकवाच्या गुठळ्या पिसाने झाडू लागल्या. दोन तास गेले.

"वयनी, उवा काढताय का काय?" गोमाजी म्हणाला.

त्यांनी पुढचा दाणा सोडवला.

शेवटी घडी काढली. काहीच झालं नाही. गोमाजीने टोपी सारखी केली. "चला, गाडी चुकंल."

ठकूबाईंनी पंख्यावर हळूच फुंकर घातली. पंखा थरथरला, रूळ हलला आणि पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तसे सूर सुटले. पंत उभेच राहिले. दोन पाखरं घंटा वाजवू लागली. तिसऱ्याची मान मोडलेली होती.

गोमाजी वाकला आणि त्याने कपाटामागे पाहिलं.

"बसलंय का कुनी मागं, भावजी?"

"नाय." तो बराच वेळ ऐकत राहिला. पेटी थांबल्यावर हळूच म्हणाला, "परत लावा की, वयनी."

ठकूबाईंनी चावी त्याच्याच हातात दिली. "तुमीच लावा. दमानं. जोर नाय करायचा."

पुढच्या आठवड्यात वाडीतले सहाजण पेटी बघायला आले. गोमाजीने पाठवलंय म्हणाले. "वयनी सांगते ते खरं हाय, मी सोता चावी दिली," असं तो चावडीवर सांगत सुटला होता.

पंतांनी पाटी बदलली : 'चालू आहे. अक्षता बाहेरून वाहाव्यात.'