पिवळ्या रंगाची कमिटी

चार मास्तरांना एका कमिटीत बसवलं की काम राहतं बाजूला, किस्से मात्र साचत जातात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. एका बैठकीत काहीतरी होतं, पुढच्या बैठकीत चहा येईपर्यंत तेच कुणीतरी सांगतं, आणि काही वर्षांनी मूळ कार्यक्रम कसा झाला हे धड कुणाला आठवत नाही. आमचे किस्से तसे हसण्यासारखे आहेत. आम्ही हसतोही. फक्त हसून झालं की जरा वेळ कुणी कुणाकडं बघत नाही.

भूकंप होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड लागले होते आणि पाचवीतली पोरंसुद्धा फाउंडेशनला जाऊ लागली होती. अशात आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका देशपांडे मॅडमच्या मनात आलं की मुलांसाठी चित्रकलेची कार्यशाळा घ्यायची. रंग एकच. दिवसभर त्याच रंगात काय काय करता येतं ते मुलांनी शोधायचं. कल्पना चांगलीच होती. कमिटीत मॅडम, ड्रॉइंगचे शेख सर, विज्ञानाचे कांबळे सर आणि मराठी शिकवणारी मी.

पहिल्याच बैठकीत मॅडम शेख सरांना म्हणाल्या, "पाचवीत चित्रं चांगली काढणारी मुलं कोण, तेवढी नावं सांगा. त्यांना पुढं बसवू."

शेख सर देगलूरचे. बोलणं गोड, कुणाला दुखवणार नाहीत. ते म्हणाले, "नावं न्हाई सांगता यायची मॅडम. चेहरे ओळखतो मी. व्हरांड्यातून जाताना दिसतात ना."

"म्हणजे? तुमचा आठवड्याला तास असतो की."

"हाव, टाइमटेबलात हाय."

दिवाळीपासून त्यांचा तास कधी कांबळे सर मागून घेत होते, कधी मी, आणि स्कॉलरशिपची तयारी म्हणून दोनदा खुद्द मॅडमनी घेतला होता. आम्ही तिघंही खोलीतला पंखा बघत बसलो. कांबळे सरांनीच शेवटी त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

*

मग रंग कोणता, यावर दोन बैठका गेल्या. लातूर-नांदेडकडं रंग नुसता रंग नसतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण बोलून कुणी दाखवत नाही. भगवा म्हटलं की एका बाजूचे, हिरवा म्हटलं की दुसऱ्या बाजूचे. मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कुणाला काही वाटणार नाही असा रंग बघा."

मी म्हटलं, "निळा घेऊ या. आभाळ आहे, पाणी आहे, मुलांना सोपं जाईल."

मॅडम पेन खाली ठेवून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कांबळे सर, तुमच्या भावना मी समजू शकते. पण पालक काय म्हणतील याचाही विचार करायला हवा ना."

कांबळे सर तोवर एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी शांतपणे माझ्याकडं बोट केलं. "निळा ह्या म्हणल्या मॅडम. मी पिवळा म्हणणार होतो. आमच्या दारात सूर्यफूल लावलंय."

मॅडम लालबुंद झाल्या. शेख सर चष्मा पुसत राहिले. आणि मला स्वतःची वेगळीच लाज वाटली, कारण "निळा मी म्हटलंय" हे वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी ते कांबळे सरांना बोलायला लावलं होतं.

पिवळा रंग एकमताने मंजूर झाला. आमच्या कमिटीचा एवढा झटपट ठराव दुसरा नाही.

*

पिवळा ठरला म्हणून मॅडमनी ठरवलं की रंग विकत आणायचे नाहीत, हळदीपासून करायचे. त्यांनी स्टाफरूममध्ये प्रात्यक्षिकच मांडलं. वाटीत हळद, पाणी, थोडा डिंक. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला नांदेडहून पाहुणे येणार होते, म्हणून त्या ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसूनच शाळेत आल्या होत्या.

कांबळे सर दोनदा म्हणाले, "मॅडम, एक सांगू का," आणि दोन्ही वेळा मॅडम म्हणाल्या, "सर, विज्ञान नंतर."

वाटी कलंडली. पदरावर हळदीचा हा एवढा डाग. मॅडम तशाच नळाकडं धावल्या आणि त्यांनी त्यावर साबण घासला. डाग जायचा तर लालभडक झाला, आणि पाण्याबरोबर पसरत निऱ्यांपर्यंत उतरला.

"अहो, हे काय झालं?" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता.

"हळदीला साबण लागला की ती लाल होती," कांबळे सर म्हणाले. "तेच सांगून राहिलो होतो."

मॅडम माझी कपाटात ठेवलेली जादा साडी नेसून घरी गेल्या. नळापाशी आम्ही तिघं उरलो. शेख सरांना हसू आवरेना. कांबळे सर मात्र नळ बंद करत म्हणाले, "तिसऱ्यांदा जोरात सांगता आलं असतं मला. सांगितलं न्हाई."

*

पालकांसाठी एक पत्रक काढायचं होतं. चित्रकलेसाठी सुट्टीच्या दिवशी क्लास बुडवून कोण मूल पाठवणार? म्हणून मॅडमनी माझ्याकडून एक वाक्य घालून घेतलं. रंगांच्या सरावाने मुलांची एकाग्रता आणि गणिती क्षमता वाढते. कशावरून, हे मीही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वाक्य छान दिसत होतं.

चौथ्या दिवशी एक पालक आले. मुरुडला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. पोराच्या क्लाससाठी लातुरात खोली केलेली, बायको इथं पोरापाशी आणि हे एकटे तिकडं. हातात आमचं पत्रक.

"मॅडम, लई चांगलं काम करून राहिलात," ते म्हणाले. "फक्त एक विचारायचं होतं. गणिताला कोणता रंग चांगला? तेवढाच द्या माझ्या पोराला. बाकीचे विषय त्याचे बरे हायेत."

ते चेष्टा करत नव्हते. आमच्या चौघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते. छापलेलं खोटं आहे असं त्यांना कोण सांगणार?

शेवटी शेख सर खाली बघत म्हणाले, "पिवळा. आम्ही तेवढाच ठेवलाय."

गृहस्थ हात जोडून गेले. पुढच्या आठवड्यात गणिताची चाचणी होती. माझी सुपरव्हिजन त्यांच्या पोराच्या वर्गावर होती. त्यानं खिशातून नवाकोरा पिवळा रुमाल काढला, बाकावर नीट पसरला आणि पेपर सोडवताना मधून मधून तो रुमालाकडं बघत होता.

*

औशाच्या पुढं भूकंपानंतर वसवलेलं एक गाव आहे. सरळ रस्ते, सारखी घरं. तिथल्या शाळेची मुलंही कार्यशाळेला बोलवावीत असं मॅडमनी ठरवलं. आपल्या मुलांना थोडी जाणीव येईल, असं त्यांचं म्हणणं. बोलणी करायला आम्ही चौघं जीप करून गेलो. मुलांचा हात कसा आहे ते बघावं म्हणून सोबत कागद आणि मेणखडू घेतले. पेट्यांत सगळे रंग होते, पिवळ्याचं आम्ही अजून सांगितलं नव्हतं.

तिथल्या गुरुजींनी पाचवीचा वर्ग शाळेच्या ओट्यावर बसवला. मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, तुम्हाला आवडेल ते काढा."

पोरं लगेच कामाला लागली. कुणी विचार केला नाही, कुणी शेजारच्याचं बघितलं नाही. दहा मिनिटांत चित्रं तयार. आम्ही फिरून बघू लागलो. पहिल्या कागदावर पडलेलं घर, ढिगाऱ्यातून बाहेर आलेला हात, बाजूला रडणारी बाई. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. अख्ख्या रांगेत तेच. काळा, तपकिरी, आणि हातापाशी थोडा लाल.

मॅडमनी डोळ्याला पदर लावला. "किती खोल जखम आहे," त्या मला म्हणाल्या.

कांबळे सर मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं, "ही पोरं तर भूकंपानंतर जन्मलेली ना?"

गुरुजी पुढच्या रांगेतले कागद सरळ करू लागले.

शेख सर एका मुलीशेजारी मांडी घालून बसले. दोन वेण्या, नाकात चमकी. "बेटा, छान काढलंस," ते म्हणाले. "पण आम्हाला न, सगळं चित्र एकाच रंगात पाहिजे. पिवळ्या. जमंल?"

तिनं पेटीतला पिवळा खडू उचलला, कागदाकडं बघितलं आणि जरा काळजीनं विचारलं, "सर, पिवळ्यानं भूकंप कसा काढायचा?"

"भूकंपच कशाला? दुसरं काढ की."

"पाव्हणे आले की हेच काढायचं असतंय."

मी वाकून तिला विचारलं, "बरं, तुला स्वतःला काय काढावंसं वाटतं?"

तिनं एकदा गुरुजींकडं बघितलं, एकदा आमच्या जीपकडं. मग खडू मुठीत घट्ट धरला.

"तुम्ही गेल्यावर काढते," ती म्हणाली.